निळीं विलायती ताटें आणि त्यांचा संग्रह

मराठी घरांत “चिनी माती” हा शब्द इतका रूढ झालेला आहे कीं, त्यांत एका दूरच्या देशाचें नांव आहे याची आठवणहि कोणास राहात नाहीं. लोणच्याची बरणी, चहाची कपबशी, पाहुण्यांकरितां जपून ठेवलेलें ताट, हीं सारीं “चिनी”च. पण एखाद्या जुन्या घरांतील कपाटाच्या वरच्या फळीवर पांढऱ्या अंगाची, निळ्या चित्राची, कांठास वेलबुट्टी असलेली जी मोठी बशी उभी करून ठेवलेली दिसते, ती पुष्कळ वेळां चीन देशांतली नसते. ती इंग्लंडांतील स्टॅफर्डशर परगण्यांत भाजलेली असते. घरच्या माणसांस ती पणजोबांच्या वेळची म्हणून ठाऊक असते, विकत घेणारास ती “जुनी चिनी” म्हणून सांगितली जाते, आणि दोघांपैकीं कोणीच ती उलटी करून तिची पाठ वाचलेली नसते. अशा भांड्यांचा संग्रह कसा करावा, आणि करावयाचा तर कशासाठीं, याचा विचार छत्रपती संभाजीनगरांत, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेंत, करण्यास विशेष कारण आहे.

शहरापासून थोड्याच अंतरावर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादचा, किल्ला आहे. त्या किल्ल्यांत चिनी महाल नांवाची एक इमारत आहे. १६८७ सालीं गोवळकोंडा औरंगजेबाच्या हातीं पडल्यावर तेथील शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशहा यास याच महालांत कैदेंत ठेविलें, आणि त्याचें उरलेलें आयुष्य तेथेंच संपलें. त्याची कबर जवळच खुलताबादेस आहे. महालाच्या भिंतींवर एके काळीं निळ्या झिलईच्या फरशा बसविलेल्या होत्या, आणि त्यांचे कांहीं अवशेष अजून दिसतात. ह्या फरशांची कला इराणी वळणाची. तरी महालास नांव पडलें तें चिनी. झिलईदार, चकचकीत, निळें म्हणजे चिनी, असें समीकरण दख्खनच्या लोकांच्या मनांत त्या वेळींच बसलेलें होतें. पुढें इंग्लंडची बशी आली तेव्हां तिलाहि तेंच नांव मिळालें, यांत नवल नाहीं.

हा निळा रंग कोबाल्ट नांवाच्या धातूपासून मिळतो. बहुतेक रंग भट्टीच्या कडक आंचेंत करपून जातात किंवा पालटतात; कोबाल्टचा निळा मात्र झिलईखालीं राहूनहि टिकतो. इराणांतील काशानच्या कुंभारांस हा गुण पूर्वींपासून ठाऊक होता. चौदाव्या शतकांत चीनमधील जिंगडेझेन येथील कारागिरांनीं इराणांतून आणलेलें कोबाल्ट आपल्या शुभ्र मातीवर वापरलें आणि निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा जगप्रसिद्ध व्यापार सुरू झाला. तीं भांडीं समुद्रमार्गानें दख्खनच्या दरबारांतहि आलीं आणि युरोपांतहि गेलीं. इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीचीं जहाजें चीनहून चहा नेत. चहाच्या पेट्यांखालीं जहाजाच्या तळाशीं जड आणि पाण्यानें न बिघडणारा असा माल हवा असे. त्यासाठीं चिनी भांडीं उत्तम. अशीं लाखों ताटें इंग्लंडांत पोंचलीं आणि तेथील सुखवस्तु घरांत निळें ताट ही प्रतिष्ठेची खूण झाली.

स्टॅफर्डशरच्या कुंभारांपुढें प्रश्न उभा राहिला तो असा: हातानें रंगविलेल्या चिनी मालाची बरोबरी स्वस्तांत कशी करावी? तिचें उत्तर छापखान्यानें दिलें. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचें. तेलांत खललेला कोबाल्टचा रंग पत्रा तापवून त्या रेषांत भरावयाचा. वरचा रंग पुसून पातळ कागदावर छाप घ्यावयाचा. आणि तो ओला कागद एकदां भाजलेल्या, पण झिलई न दिलेल्या भांड्यावर दाबून घासावयाचा. कागद पाण्यानें धुवून काढला कीं रंग मातीस चिकटून राही. मग तेल जाळण्यासाठीं हलकी भट्टी, त्यानंतर झिलईंत बुडविणें, आणि शेवटीं पुन्हां भट्टी. छापणारा बहुधा पुरुष असे. कागद कापण्याचें काम लहान मुलींकडे आणि तो भांड्यावर बसविण्याचें काम स्त्रियांकडे असे. साध्या मातीच्या भांड्यांवर झिलईखालीं निळें छापण्याची रीत जोसाया स्पोड यानें १७८४ च्या सुमारास यशस्वी केली. १७९१ सालीं कंपनीनें चिनी भांड्यांची घाऊक आयात थांबविली, आणि इंग्रज कुंभारांस मैदान मोकळें झालें. एका तांब्याच्या पत्र्यावरून शेंकडों छाप निघूं लागले, आणि जें ताट सरदाराच्या टेबलावर असे तें कारकुनाच्या घरीं येऊन पोंचलें.

आरंभीं हीं चित्रें चिनी मालाची नक्कल होतीं. “विलो” म्हणून प्रसिद्ध असलेली नक्षी, म्हणजे वाळुंजाचें झाड, पूल, त्यावरील तीन माणसें आणि आकाशांत दोन पक्षी, ही या काळांतलीच. तिच्याविषयीं सांगितली जाणारी पळून गेलेल्या प्रेमिकांची गोष्टहि चीनमधली नसून इंग्लंडांत मागाहून रचलेली आहे. पण लवकरच ग्राहक नव्या चित्रांची मागणी करूं लागले, आणि तेथें हिंदुस्थानचा संबंध आला.

टॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे दोघे चित्रकार १७८६ सालीं कलकत्त्यास उतरले आणि सुमारें सात वर्षें देशभर हिंडून इमारती, घाट, थडगीं आणि देवळें यांचीं चित्रें काढीत राहिले. परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळांत त्यांनीं “ओरिएंटल सीनरी” हा सहा भागांचा, १४४ चित्रांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतील एक भाग सबंध वेरूळच्या लेण्यांस दिलेला आहे. १८०३ मध्यें निघालेल्या या भागाच्या नांवांतच वेरूळचा डोंगर औरंगाबादेजवळ असल्याचा उल्लेख आहे. त्यांतील २४ चित्रें जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेलीं होतीं. वेल्स पुण्यास पेशव्यांच्या दरबारीं इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयास होता आणि १७९५ मध्यें वारला.

याच मॅलेटनें वेरूळचीं चित्रें काढण्यासाठीं एका मराठी कलावंतासहि नेमलें होतें. त्याचें नांव गंगाराम चिंतामण तांबट. आडनांवच त्याच्या घराण्याचा तांबटकामाशीं संबंध दाखवितें. त्यानें १७९० च्या दशकांत काढलेलीं वेरूळचीं चित्रें अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला-केंद्रांत जपलेलीं आहेत. लंडनच्या ग्रंथावर नांव आलें तें मात्र वेल्सचें आणि डॅनियलचें. ज्या गांवाच्या शेजारचीं लेणीं त्यानें डोळ्यांनीं पाहून कागदावर उतरविलीं, त्या गांवांतहि गंगारामचें नांव फार थोड्यांस ठाऊक आहे.

डॅनियलांच्या ग्रंथांतील चित्रें इंग्लंडच्या कुंभारांच्या हातीं पडलीं. लिव्हरपूल येथील हर्क्युलेनियम कारखान्यानें त्यांवरून हिंदुस्थानी देखाव्यांची एक मालिका काढली. रॉजर्स यांच्या कारखान्यानें दिल्लीच्या फिरोजशहा कोटल्याजवळील एका पडक्या इमारतीचें चित्र उचलून ताटांवर छापलें. इंग्रज संग्राहकांनीं पुढें त्या नक्षीस “मोनॉप्टेरॉस” असें ग्रीक नांव दिलें, आणि दिल्लीची ती वास्तु ग्रीक देवळाच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. स्पोडनें कॅप्टन टॉमस विल्यमसन याच्या शिकारीवरील ग्रंथांतून वाघ, अस्वल, रानडुक्कर आणि हत्ती यांचे देखावे घेतले. त्या मालिकेंत ताट, वाडगें, झाकण अशा प्रत्येक आकारास निराळें चित्र आहे. पुढें गॉडविन बंधूंनीं “इंडियन सीनरी” या शीर्षकाचीं भांडीं काढलीं, आणि पाठीवर गांवाचीं नांवें छापलीं. हीं चित्रें जशीच्या तशी नसत. कोरणारा कारागीर एका पानावरची कमान घेई, दुसऱ्यावरचें झाड घेई, आणि पुढें इंग्लंडांतली गाय उभी करी. १८४२ च्या कायद्यांनीं दुसऱ्याचें चित्र उचलण्यास आळा बसला, आणि त्यानंतर ताटांवरील देखावे बहुधा काल्पनिकच झाले.

हीं भांडीं मराठवाड्यांत आलीं कशीं, हें समजण्यास फार खोल जावें लागत नाहीं. औरंगाबादेस हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती आणि तेथें इंग्रज अंमलदार राहात. अशा अंमलदाराची बदली झाली किंवा तो मेला कीं त्याचें सामान लिलांवांत निघे, हा सर्व हिंदुस्थानांतला रिवाज होता. जेवणाचें टेबल, आरसे आणि ताटांचे संच अशा रीतीनें गांवांतल्या वकिलाच्या, व्यापाऱ्याच्या, जहागीरदाराच्या घरीं येत. दुसरी वाट मुंबईच्या बाजारांतून आगगाडीनें येणाऱ्या मालाची. आणि तिसरी हैदराबादची. निजामी राज्यांतल्या उमरावांस युरोपी वस्तूंचा मोठा शौक होता. त्यांपैकीं नबाब मीर युसुफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, १८८९ सालीं पुण्यास जन्मले आणि १९४९ मध्यें निवर्तले. त्यांनीं आयुष्यभर जमविलेल्या वस्तूंचें संग्रहालय १९५१ सालीं हैदराबादेस उघडलें, आणि चिनी, जपानी व युरोपी मातकामाचीं दालनें तेथें कोणासहि पाहातां येतात.

मध्यमवर्गीय हिंदु घरांत मात्र ह्या भांड्यांस सहज प्रवेश मिळाला नाहीं. तांब्यापितळेचें भांडें घासून, कल्हई लावून शुद्ध होतें. मातीचें एकदां विटाळलें कीं टाकावेंच लागे, असा नियम. झिलई दिलेली बशी धातूंत मोजावयाची कीं मातींत, याचा निर्णय सोवळ्याच्या घरीं बहुधा मातीच्या बाजूनें होई. त्यामुळें अशी बशी स्वयंपाकघरांत न जातां बैठकींत राहिली. चहा आला तेव्हां तिच्यामागून कपबशी आली. पण कांहीं घरांत चिनी कप हे परजातीच्या माणसांसाठींच वेगळे कोनाड्यांत ठेवीत, हेंहि विसरतां येत नाहीं. म्हणून एखाद्या जुन्या कपाची कथा सांगतांना तो कोणी वापरला, आणि कोणास त्यांत चहा दिला गेला, हाहि त्या कथेचा भाग असतो. संग्राहकानें तो भाग गाळूं नये.

आतां ओळख पटविण्याचा प्रश्न. पहिली परीक्षा दिव्यापुढें करावी. खऱ्या चिनी पोर्सेलीनची पातळ बशी उजेडापुढें धरली तर मागून धरलेल्या बोटांची सावली दिसते. इंग्रजी छापील भांडें बहुधा साध्या मातीचें असल्यानें त्यांतून उजेड येत नाहीं. टिचकी मारली असतां पोर्सेलीन घंटेसारखें वाजतें, मातीचें भांडें बद्द आवाज देतें. पण आवाज बद्द आला तर एखादी बारीक भेगहि असूं शकते. दुसरी परीक्षा कांठाची. छापाचा कागद गोल कांठावर तुकड्यातुकड्यांनीं बसवीत, म्हणून कोठेंतरी वेल तुटलेली किंवा फुलाचा अर्धा भाग नाहींसा झालेला आढळतो. ही चूक खरेपणाची खूण आहे. तिसरी परीक्षा भिंगाची. तांब्यावर कोरलेल्या चित्रांत रेषा आणि लहानमोठे टिंब दिसतात. आजच्या यंत्रानें छापलेल्या नकलेंत वर्तमानपत्रांतील छायाचित्राप्रमाणें सारख्या अंतराच्या ठिपक्यांची जाळी दिसते. चौथी, बूड पाहावें. भट्टींत भांडीं एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून तिकोनी टेकू लावीत. त्यांच्या टोंकांचे तीन लहान व्रण बहुधा राहातात. अठराव्या शतकाच्या शेवटच्या आणि एकोणिसाव्याच्या आरंभींच्या भांड्यांत बुडाच्या कडेशीं झिलई सांचून निळसर झालेली असते.

पांचवी आणि सर्वांत उपयोगी परीक्षा पाठीवरच्या अक्षरांची. समभुज चौकोनाच्या आकाराची नोंदणीची खूण असेल तर नक्षीची नोंदणी १८४२ ते १८८३ या काळांत झालेली. तिच्या जागीं नुसता नोंदणी-क्रमांक असेल तर १८८४ नंतरची. “इंग्लंड” हा शब्द असेल तर बहुधा १८९१ नंतरची, कारण त्या वर्षापासून अमेरिकेच्या जकातीच्या कायद्यानें मालावर देशाचें नांव घालणें भाग पडलें. “मेड इन इंग्लंड” असेल तर बहुतेक विसाव्या शतकांतली. पण नक्षी जुनी म्हणून भांडें जुनें असें मानूं नये. स्पोडची “ब्लू इटालियन” ही नक्षी १८१६ सालीं निघाली आणि आजतागायत विक्रीस आहे. “विलो” तर शेंकडों कारखान्यांनीं छापली. शिवाय नव्या बशीस चहाच्या पाण्यांत भिजवून तिच्या बारीक भेगा पिवळ्या करण्याची युक्ति बाजारांत जुनीच आहे. डाग पाठीवर आणि पोटावर सारखाच पसरलेला असेल तर सावध व्हावें.

गृहिणींसाठीं एक सूचना येथें अवश्य केली पाहिजे. ह्या जुन्या भांड्यांच्या झिलईंत शिसें असतें. आंबट पदार्थ त्यांत ठेवला असतां शिसें अन्नांत उतरण्याचा धोका असतो. म्हणून लोणचें, दहीं, चिंचेचें सार किंवा लिंबाचें सरबत त्यांत ठेवूं नये. भेगा गेलेलें भांडें तर जेवणांत वापरूंच नये. धुतांना कोमट पाणी आणि मऊ फडकें पुरे. राख, चिंच किंवा घासणी नको. फुटलेला तुकडा बाजारच्या डिंकानें घाईनें जोडूं नये. कपड्यांत गुंडाळून सर्व तुकडे एकत्र ठेवावे. निळें ताट फुटल्यावरहि त्याची पाठ वाचतां येते.

यापुढें विचारावयाचा तो मूळ प्रश्न: हा संग्रह कशासाठीं? पैशासाठीं म्हणाल तर निराशा होण्याचा संभव अधिक, कारण हा माल मुळांतच मोठ्या प्रमाणावर निघालेला आहे आणि साध्या “विलो” बशीस फारशी किंमत येत नाहीं. हिंदुस्थानी देखाव्याचीं, सुस्थितींतलीं मोठीं ताटें मात्र मोलाचीं मानिलीं जातात, आणि त्यामुळेंच जुने वाडे पाडतांना ठोक भावानें भांडीं विकली जात असतां जाणता दलाल तींच आधीं बाजूला काढतो. विकण्यास कायद्याची सरसकट मनाई नाहीं. पण १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याप्रमाणें शंभर वर्षांवरील पुराणवस्तूंचा व्यापार करण्यास परवाना लागतो, आणि खाजगी माणसास अशी वस्तु परदेशीं पाठवितां येत नाहीं. परदेशांतील मुलाकडे आजोबांचें ताट धाडण्यापूर्वीं भारतीय पुरातत्त्व विभागाकडे चौकशी करावी, हें बरें.

संग्रहाचें खरें मोल वेगळें आहे, आणि तें अजिंठ्याच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून अजिंठ्यास राहून वर्षानुवर्षें भित्तिचित्रांच्या नकला केल्या. १८६६ मध्यें लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यांतील बहुतेक नाहींशा झाल्या. मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यानें विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां नकला केल्या. त्यांतल्याहि अनेक १८८५ मध्यें लंडनच्याच दुसऱ्या आगींत जळाल्या. ग्रिफिथ्सबरोबर खपलेल्या कित्येक मराठी व पारशी विद्यार्थ्यांची कामगिरी आज फक्त उरलेल्या नकला आणि कागदपत्रें यांवरून कळते. त्याच सुमारास मुंबईच्या कलाशाळेंत मातकामाची शाखा निघाली, आणि तेथील घडे व तबकें यांवर अजिंठ्याचीं वेलबुट्टी व आकृती रंगविल्या गेल्या. म्हणजे ज्या जिल्ह्यांतलें वेरूळ विलायतच्या ग्रंथांत छापलें गेलें, त्याच जिल्ह्यांतलें अजिंठा मुंबईच्या मातीवर उतरलें. अशीं कांहीं भांडीं लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयांत आहेत. घडविणाऱ्याची नोंद जेथें राहिली तेथें नांव राहिलें. जेथें राहिली नाहीं तेथें नुसतें भांडें राहिलें.

म्हणून ज्या घरीं एखादी निळी बशी असेल त्यांनीं ती विकावी किंवा ठेवावी हा त्यांचा प्रश्न. पण तत्पूर्वीं एक काम करावें. बशीचें पुढून आणि पाठीकडून छायाचित्र घ्यावें. ती कोणाकडून आली, कोणत्या लिलांवांत, कोणत्या दुकानांतून, कोणाच्या लग्नांत, आणि ती घरांत कोठें ठेवीत व कोण वापरी, हें घरांतील वडील माणसांस विचारून एका कागदावर लिहावें, तारीख घालावी, आणि तो कागद बशीबरोबर ठेवावा. कागदावर ऐकीव तें ऐकीव म्हणून आणि खात्रीचें तें खात्रीचें म्हणून निराळें लिहावें. शहरांतील सोनेरी महालांत शासकीय संग्रहालय आहे. अशा ठिकाणीं जाणत्या माणसांस छायाचित्र दाखवावें. दहा घरांनीं असें केलें तर शहरांतल्या छावणीचा, व्यापाराचा आणि घरांतल्या चालीरीतींचा एक भाग लिहिला जाईल, जो कोणत्याहि दप्तरांत सांपडत नाहीं. हें लिहिणें मात्र वाडा पाडण्यापूर्वीं झालें पाहिजे. कारण बशी दलालाच्या पोत्यांत गेली म्हणजे ती कोणत्याहि घरची राहात नाहीं, नुसती “जुनी चिनी” होते.